पाणी टेलला पोचलं पाहिजे
घरच्या लॉनला स्वतः स्प्रिंकलर बसवताना कळलेल्या गोष्टी

नीरा डाव्या कालव्याच्या भागात वाढलेल्या माणसाच्या कानावर एक तक्रार लहानपणापासून असते. कालव्याच्या तोंडाला ऊस डोलतो आणि टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत धूळ उडते. त्यावरचा उपाय म्हणून पाटबंधाऱ्याच्या भाषेत ‘टेल टू हेड’ हा शब्द रूढ झाला. पाणी आधी शेवटच्याला, मग वर सरकत पहिल्याला.

बारामतीबाहेर आमच्या घरापुढे तीस बाय तीस फुटांचं लॉन आहे. त्याला स्प्रिंकलर बसवायचं काम मी, मुलगा आणि पंप दुरुस्त करणारे जुन्या ओळखीचे एक मामा अशा तिघांनी अंगावर घेतलं. हे काम घरच्या माणसांना जमण्यासारखं आहे. कोपऱ्यातल्या शेवटच्या स्प्रिंकलरला पहिल्याइतकंच पाणी मिळालं, तर काम साधलं म्हणायचं. नाहीतर ती नुसती कारंजी. पुढचे सगळे धडे या एका कसोटीतून निघाले आहेत.

१. कुदळीच्या आधी बादली

बहुतेक लोक दुकानात जाऊन आधी स्प्रिंकलर घेतात आणि मग त्यांना पाणी शोधत बसतात. खरं तर आपल्याकडे मिनिटाला किती लिटर पाणी आहे, हे आधी कळायला हवं, आणि तेही दाबासकट. नळ पूर्ण उघडून बादली भरली की मोठा आकडा येतो, पण त्या वेळी पाण्यात दाब उरलेला नसतो.

मामांनी दाखवलेली रीत सोपी आहे. पंपाच्या पुढे एक टी, टीवर प्रेशर गेज आणि त्यापुढे बॉल व्हॉल्व्ह बसवायचा. पंप चालू करून व्हॉल्व्ह हळूहळू आवळत गेज अडीच किलोवर (चौरस सेंटिमीटरला) आणायचं आणि आता बादली लावायची. जमिनीतून वर येणाऱ्या साध्या पॉप-अप स्प्रिंकलरला तोंडाशी दोन किलो दाब लागतो. उरलेला अर्धा किलो वाटेतल्या पाइपांत आणि जोडांत जाईल असं धरायचं. आमची वीस लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला तीस लिटर. हा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवला, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून होतं.

२. गच्चीवरची टाकी दिसते तेवढी उंच नसते

‘टाकी वर आहे, प्रेशर येईल की’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. हिशोब मात्र वेगळा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याला जेमतेम एक किलो दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी सात मीटरवर असेल तर खाली पाऊण किलोही मिळत नाही. ठिबकला तेवढ्यावर काही प्रमाणात भागतं, स्प्रिंकलरला नाही.

म्हणून पंप हवा, आणि तो खाली जमिनीवर, टाकीच्या पाण्यावर लावावा. पाणी आपोआप पंपात उतरतं, एअर धरण्याचा त्रास नाही आणि टाकीच्या उंचीचा जो काही दाब असेल तो फुकट पदरात पडतो. पंप घेताना त्याच्या पाटीवरचं कमाल हेड आणि कमाल डिस्चार्ज हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळतील असं समजू नये. एक वाढला की दुसरा उतरतो. दुकानदाराकडून त्या पंपाचा तक्ता मागून घ्यावा आणि २५ मीटर हेडला किती पाणी येतं तेवढंच बघावं. टाकीची उंची त्यात धरली नाही, ती वरकड.

आणखी दोन गोष्टी. नगरपालिकेच्या लाइनला थेट पंप लावू नये. ते बेकायदा तर आहेच, शिवाय शेजाऱ्याचा नळ कोरडा पडतो. आणि घरात वापरायचं पाणी त्याच टाकीतून येत असेल, तर पंपाच्या पुढे एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) बसवलाच पाहिजे. स्प्रिंकलरचं तोंड मातीत असतं; ते पाणी उलटं टाकीकडे येता कामा नये.

३. लॉन आधी कागदावर भिजवायचं

चौकटीचा कागद घ्यावा आणि लॉन मापून काढावं. मग कंपासने वर्तुळं. इथे एक नियम डोळे झाकून पाळावा : प्रत्येक स्प्रिंकलरचं पाणी शेजारच्या स्प्रिंकलरच्या बुंध्यापर्यंत पोचलं पाहिजे. ‘एकाचं संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू’ अशी काटकसर केली की एप्रिलमध्ये लॉनवर तपकिरी चट्टे उठतात. कुठलाही स्प्रिंकलर आपल्या वर्तुळात सगळीकडे सारखं पाणी टाकत नाही. एकाची उणीव दुसऱ्याने भरायची असते.

आमच्याकडे पंधरा फूट फेकीचे नोझल वापरले. तीस फुटांच्या चौकोनात ते तीन बाय तीन असे नऊ बसतात. चार कोपऱ्यांत पाव वर्तुळाचे, चार कडांच्या मध्यावर अर्ध्याचे आणि मधोमध एक पूर्ण. या नोझलांची गंमत अशी की पाणी वर्तुळाच्या हिशोबाने मिळतं. पूर्ण वर्तुळाला मिनिटाला १४ लिटर, अर्ध्याला ७, पावाला ३.५. त्यामुळे मिनिटाला प्रत्येक फुटावर पडणारं पाणी सारखंच राहतं. बेरीज केली : कोपरे १४, कडा २८, मधला १४. एकूण ५६ लिटर. भिंतीवर लिहिलेला आकडा होता तीस.

४. पाणी कमी पडतंय, मग पाळी लावा

५६ लिटरसाठी दुप्पट मोठा पंप आणायची गरज नव्हती. लॉनचे दोन भाग करून पाळी लावली. चार कोपरे आणि समोरासमोरच्या दोन कडा ही पहिली पाळी, मिनिटाला २८ लिटर. मधला आणि उरलेल्या दोन कडा ही दुसरी, तीही २८. दोन बॉल व्हॉल्व्ह, दोन पाइप, आणि तीसच्या पाण्यात काम भागलं. दोन्ही पाळ्यांची बेरीज सारखी आली की पंपावरचा भारही सारखा राहतो.

पाळी पाडताना एक पथ्य आहे. फवारा मारणारे आणि गोल फिरणारे स्प्रिंकलर एका लाइनवर घेऊ नयेत. फिरणारे तेवढ्याच वेळात साधारण तिसरा-चौथा हिस्सा पाणी देतात. एकाला पुरेल तेवढा वेळ दिला तर दुसऱ्याच्या पायाशी डबकं होतं. कांद्याच्या नि भुईमुगाच्या रानात टक-टक आवाज करत फिरणारे जे स्प्रिंकलर आपण बघतो, ते मूळचे कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डोरा गावचे. तिथल्या ऑर्टन एंगलहार्ट नावाच्या संत्र्या-लिंबांच्या बागायतदाराने १९३३ मध्ये ते बनवले. मोठ्या रानाला ते उत्तम, पण अंगणाला जड. तीस फुटांच्या लॉनवर त्यांचं निम्मं पाणी रस्त्यावर जाईल.

५. करडा की पांढरा, हे दुकानात जायच्या आधी ठरवा

“काका, एक इंची द्यायचा का बत्तीस एमएम?” दुकानातल्या पोऱ्याने विचारलं. मुलगा म्हणाला, “एकच की ते.” एकच नाही. शेतीचा करडा पीव्हीसी पाइप मिलिमीटरच्या मापाने येतो आणि त्याचा बाहेरचा व्यास बरोबर ३२ असतो. घरातल्या प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी इंचाच्या मापाने येतो आणि ‘एक इंची’चा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर भरतो. करड्याची टी पांढऱ्याला जात नाही आणि पांढऱ्याची करड्यावर सैल बसते. सैल जोडात कितीही सोल्युशन भरलं तरी तो कधीतरी दगा देतोच.

म्हणून एकच कूळ धरावं. आम्ही करडा घेतला, कारण आमच्याकडे ठिबकच्या दुकानात त्याची प्रत्येक फिटिंग मिळते. पाइपवर दाबाचा वर्ग छापलेला असतो. चार किलोचा स्वस्त पडतो, पण पंप अचानक बंद-चालू होताना बसणारा दणका लक्षात घेता सहा किलोचा घेतलेला बरा.

६. बारीक पाइप टेलला उपाशी ठेवतो

पाणी पाइपातून जितकं जोरात पळतं तितका दाब घासण्यात वाया जातो. सेकंदाला दीड मीटरपेक्षा जास्त वेग होऊ द्यायचा नाही, हे सर्वसाधारण माप. २५ मिलिमीटरच्या पाइपातून या वेगाने मिनिटाला ३४ लिटर जातात, ३२ मधून साठच्या आसपास. आमच्या २८ लिटरना पंचविसाचा चालला असता, पण काठावर. मुख्य लाइन बत्तीसची घेतली आणि फाटे पंचविसाचे.

कोपऱ्यांच्या लाइनची दोन्ही टोकं जोडून तिचं रिंगण केलं. मग पाणी दोन्ही बाजूंनी येतं आणि शेवटचा असा कोणी राहतच नाही. कालव्याला हे करता येत नाही. अंगणात काही मीटर जास्तीच्या पाइपात होतं.

७. वाफसा आल्यावर खणा

आमची जमीन काळी. उन्हाळ्यात ती दगड होते, पावसात चिखल. कुदळ सुखाने चालते ती मधल्या वाफशावर. आदल्या दिवशी पाइप लावून आखणीवर पाणी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी माती हाताला चिकटेनाशी झाल्यावर खणायला घेतलं. चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या, फूटभर खोल चर घेतला. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकला, म्हणजे भरताना मुरूम वर येत नाही. पाइपाखाली आणि त्याला लागून दगड राहू देऊ नयेत. घरातून फाटकाच्या दिव्याकडे जाणारी केबल कुठून गेली आहे, ते आधीच बघून घ्यावं.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्या हालचालीने ताठ जोड तडकतात. त्यावर उपाय म्हणून पाइप आणि स्प्रिंकलर यांच्या मध्ये ठिबकच्या लॅटरलसारख्या लवचिक नळीचा फूटभर तुकडा द्यायचा. जमीन हलली तर नळी वाकते, जोड शाबूत राहतो. लॉन कापायच्या मशीनचं चाक चुकून स्प्रिंकलरवर गेलं तरी तीच नळी वाचवते. स्प्रिंकलरचं डोकं मात्र बसलेल्या जमिनीच्या बरोबरीनेच हवं, वर नाही.

घराच्या वाटेवर अजून पेव्हर ब्लॉक बसायचे असतील, तर त्याआधी ६३ मिलिमीटरच्या पाइपाचा तुकडा आडवा पुरून ठेवावा. पुढे त्यातून हवी ती लाइन ओवता येते. आमच्या गल्लीत एका बंगल्याची नवी फरशी याच कारणासाठी फोडलेली मी पाहिली आहे.

८. जोड हे घाईचं काम नाही

मामांचा जोड बघण्यासारखा असतो. हॅकसॉने पाइप काटकोनात कापायचा. तिरका कापला की आत पोकळी राहते. कापलेल्या कडेवर उभ्या राहिलेल्या पिसुड्या पात्याने खरवडून काढायच्या, आतून आणि बाहेरून. मग कोरड्या फडक्याने पुसायचं. सोल्युशन पाइपाला बाहेरून आणि फिटिंगला आतून लावायचं; आत थोडंच, नाहीतर त्याचा गोळा पाण्याच्या वाटेत बसतो. पाइप आत ढकलताना पाव फेरा द्यायचा आणि मनात तीस मोजेपर्यंत हात सोडायचा नाही. जोडाच्या तोंडाशी सोल्युशनचं बारीक कडं सगळीकडून सलग दिसलं, तर जोड साधला.

मुलाने विचारलं, “मामा, लगेच पंप लावून बघायचा का?”

“आज नाही बाळा. उद्या याच वेळेला.”

चोवीस तास थांबणं हा जोडाचाच भाग आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळावी आणि प्लॅस्टिकच्या आट्यांचा पान्ह्याने गळा आवळू नये. हाताने घट्ट, वर एखादा फेरा. सुतळी-सफेदा लोखंडी पाइपांसाठी ठीक. प्लॅस्टिकची फिटिंग त्याने चिरते.

९. नोझल सगळ्यात शेवटी

नोझल न लावता, सगळी तोंडं उघडी ठेवून लाइन धुवायची. पहिल्या मिनिटाला आमच्या टोकांतून काय आलं ते सांगतो : करड्या पाइपाचा भुसा, मुरमाचे खडे आणि एका तोंडातून मुंगळ्यांचं अख्खं कुटुंब. यातला एक कणही नोझलच्या फटीत अडकला की पंख्यासारखा फवारा मधोमध फाटतो.

पाणी नितळ झाल्यावर पंपाच्या बाजूने एकेक नोझल बसवत जायचं आणि लाइनचं शेवटचं तोंड उघडंच ठेवायचं, म्हणजे राहिलेली घाण तिकडून निघून जाते. रिंगणाला टोक नाही, तिथे पंपापासून सगळ्यात लांबचा स्प्रिंकलर शेवटी. पंपानंतर १२० मेशचा जाळीचा फिल्टर लावावा आणि तो मांडी घालून बसता येईल अशा जागी लावावा. ज्याच्यापर्यंत हात पोचत नाही तो फिल्टर कोणी धूत नाही.

१०. वाट्या मांडून परीक्षा

सगळे फवारे उडायला लागले की काम झाल्यासारखं वाटतं. खरी परीक्षा पुढे असते. लॉनवर सारख्या अंतरावर वाट्या मांडायच्या, दोन्ही पाळ्या सारखा वेळ चालवायच्या आणि प्रत्येक वाटीतलं पाणी मोजायचं.

मी कपाटातून हाताला येतील त्या वाट्या काढत होतो. बायको म्हणाली, “अहो, लहान-मोठ्या नका घेऊ. पंगतीच्या एकसारख्या आहेत त्या घ्या. आणि मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण आहे.” त्या झाकणावर मिलिलिटरच्या खुणा असतात. याहून चांगलं साधन प्रयोगशाळेतही मिळालं नसतं.

मग सगळ्या वाट्यांची सरासरी काढायची आणि सगळ्यात कमी भरलेल्या पाव वाट्यांची वेगळी सरासरी काढायची. दुसरी पहिलीच्या सत्तर टक्के भरली तर फवाऱ्याच्या लॉनसाठी ते चांगलं. पन्नासच्या खाली गेली तर टेल उपाशी आहे. मग कुठलं डोकं तिरकं बसलंय, कुठल्या नोझलची जाळी तुंबलीय, कुठे दाब पडतोय ते बघायचं. हे सगळं पहाटे करावं. दुपारचा पश्चिमेचा वारा अर्धं पाणी शेजारच्या कुंपणात नेऊन टाकतो आणि आपण दोष नोझलला देतो.

११. जमीन पिईल तेवढंच, पिईल तेव्हाच

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचं लॉन ९०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ८४ चौरस मीटर. मे महिन्यात आमच्याकडे हिरवळ दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी मागते. ८४ गुणिले ६ म्हणजे ५०४ लिटर. मिनिटाला ५६ लिटरच्या हिशोबाने प्रत्येक पाळीला नऊ मिनिटं. हिवाळ्यात त्याच्या निम्मं पुरतं. पावसाळ्यात घड्याळ बंद. भर पावसात चालू असलेले स्प्रिंकलर बघून रस्त्याने जाणारे हसतात, आणि ते बरोबरच आहे.

पण नऊ मिनिटं सलग द्यायची नाहीत. आमचे फवारे तासाला चाळीस मिलिमीटरच्या वेगाने पाणी टाकतात आणि दबलेली काळी माती तासाला पाचेक मिलिमीटर पिते. बाकीचं फाटकातून बाहेर वाहतं. म्हणून तीन-तीन मिनिटांचे तीन घोट, मध्ये अर्धा अर्धा तास. वेळ पहाटेची. संध्याकाळी दिलं तर गवत रात्रभर ओलं राहून बुरशी धरतं.

हे घोट हाताने देणं रोज जमत नाही, म्हणून पुढे बॉल व्हॉल्व्हच्या जोडीला सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि टायमर लावला. टायमर बॅटरी-बॅकअपचाच घ्यावा, नाहीतर वीज गेली की त्याचं घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं आणि भर दुपारी फवारे उडतात. व्हॉल्व्हची वायर २४ व्होल्टची असते, ती आपण जोडू शकतो. पंपाचं कनेक्शन, अर्थिंग आणि ईएलसीबी मात्र वायरमनकडूनच. ओल्या अंगणात विजेशी हौस नको.

१२. बोअरचं पाणी खुणा सोडतं

बोअरच्या पाण्यातले क्षार वाळले की नोझलवर पांढरी पुटं चढतात. ती टोकदार तारेने कोरू नयेत, फट मोठी होते. नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकावेत आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासावेत. फवारा भिंतीवर, खिडकीच्या काचेवर किंवा गाडीवर जात असेल तर नोझलच्या माथ्यावरचा स्क्रू फिरवून फेक कमी करावी. तिथे बसलेले डाग निघायला फार मेहनत पडते.

१३. मोजलं की लॉन लहान होतं

हा धडा कोणी दुकानदार देणार नाही. मे महिन्यातले रोजचे ५०४ लिटर कागदावर आले आणि आम्ही थोडा वेळ गप्प झालो. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटरचं माप धरलं आहे. म्हणजे आमचं गवत नऊ माणसांचं पाणी पीत होतं. पाइप हातात धरून पाणी मारत होतो तोवर हे कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण तेव्हा मोजतच नव्हतो.

लॉनचा पश्चिमेकडचा पट्टा आता काढला आहे. तिथे जास्वंद, कडीपत्ता, लिंबू लावून तासाला चार लिटरचे ड्रीपर दिले आहेत. कडेचे स्प्रिंकलर आत सरकवले, नोझल कमी फेकीचे बसवले, पाळ्यांचा हिशोब पुन्हा केला आणि वाट्या पुन्हा मांडल्या. तेव्हा नवीन लॉन करणाऱ्याला माझा सल्ला एवढाच : कागदावर वर्तुळं काढायच्या आधी मे महिन्यात आपल्याकडे रोज किती लिटर सोडायची ऐपत आहे ते लिहा, त्याला सहाने भागा. जो आकडा येईल तेवढ्याच चौरस मीटरचं गवत लावा.